पर्वतीचा जमाखर्च

पुण्याच्या सार्वजनिक सभेचे नाव घेतले की न्यायमूर्ती रानडे आठवतात, दुष्काळातले काम आठवते, १८७७ च्या दिल्ली दरबारात खादीच्या पोशाखात गेलेले सार्वजनिक काका आठवतात. सभेचा जन्म मात्र एका देवस्थानाच्या हिशोबातून झाला. पर्वती संस्थानाचा कारभार पाहणाऱ्या पंचांबद्दल पुण्यात कुरबूर होती. देवाच्या नावाने येणारा पैसा नीट खर्च होत नाही, आणि विचारायला गेले तर दाद लागत नाही, असे लोकांचे म्हणणे होते. गणेश वासुदेव जोशी, म्हणजेच पुढचे सार्वजनिक काका, या वकिलाने हे प्रकरण हाती घेतले, तेव्हा पहिलीच अडचण उभी राहिली: जाब विचारणारे हे कोण? देवस्थान सगळ्यांचे, म्हणजे विचारण्याचा अधिकार नेमका कुणाचा?

यावर जोशींनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी काढलेला तोडगा आजही थक्क करतो. सभेचा सभासद व्हायचे तर किमान ५० माणसांच्या सह्यांचा मुखत्यारनामा आणायचा. २ एप्रिल १८७० रोजी सभा उभी राहिली तेव्हा सुमारे ६,००० लोकांनी आपले ९५ प्रतिनिधी निवडून दिले होते. अध्यक्षपद औंधच्या पंतप्रतिनिधींकडे गेले, पण सभेचे खरे बळ त्या सह्यांमध्ये होते. काँग्रेसची स्थापना अजून १५ वर्षे लांब होती. लोकांच्या वतीने बोलायचे तर लोकांची लेखी संमती हवी, हा धडा पुण्याने देवस्थानाच्या वहीखात्यापायी गिरवला.

दानाचा पैसा कुठे जावा, हा वाद त्या शहराला नवा नव्हता. पेशव्यांच्या काळी श्रावणात पर्वतीच्या पायथ्याशी रमण्यात दक्षिणा वाटली जाई. खंडेराव दाभाड्यांनी तळेगावला सुरू केलेली ही प्रथा पुढे पुण्यात आली आणि काही लाखांच्या घरात गेली. देशभरातून ब्राह्मण जमत. त्यांना रमण्याच्या आवारात घेत आणि दारातून बाहेर सोडताना एकेकाच्या हातावर दक्षिणा ठेवत. पेशवाई बुडाल्यावर एल्फिन्स्टनने ही रक्कम वर्षाला ५०,००० रुपयांवर आणली, आणि तिच्यातूनच १८२१ साली विश्रामबागवाड्यात संस्कृत पाठशाळा निघाली. १८४९ मध्ये पुण्यातल्या सुधारकांनी सरकारकडे अर्ज केला की, दक्षिणेच्या पैशातला काही भाग मराठीत चांगले ग्रंथ लिहिणाऱ्यांना, मग ते कोणत्याही जातीचे असोत, बक्षीस म्हणून द्यावा. लोकहितवादींसारखी माणसे अर्जाच्या बाजूने होती. सनातन्यांनी गहजब केला. अर्जदारांच्या संरक्षणासाठी जोतीराव फुले दोनशे माणसे घेऊन गेले, असे त्यांचे चरित्रकार सांगतात. पुढे दक्षिणा प्राइज कमिटी झाली, मराठी पुस्तकांना बक्षिसे मिळू लागली, आणि दक्षिणा फेलो म्हणून शिकवणाऱ्यांत खुद्द रानडेही होते.

या वादातला एक मुद्दा फार मोलाचा आहे. दक्षिणेचा पैसा सरकारी तिजोरीतून येत होता, म्हणजे मूळचा रयतेचाच होता. तरीही तो कशावर खर्च व्हावा हे रयतेने सुचवणे म्हणजे आगाऊपणा, असेच तेव्हा मानले गेले. दिले की हात झटकायचे, पुढचे देव आणि पुजारी बघून घेतील, ही समजूत इतकी घट्ट होती की प्रश्न विचारणारा धर्मबुडवा ठरे. आजही देणगीचा हिशोब मागणाऱ्याकडे लोक जरा तिरकेच पाहतात. त्याची मुळे तिथे आहेत.

कायद्याने वाट दिली होती, पण ती अरुंद होती. १८७७ च्या दिवाणी प्रक्रिया संहितेत ५३९ वे कलम आले. सार्वजनिक न्यासात हितसंबंध असलेल्या दोन किंवा अधिक माणसांनी अ‍ॅडव्होकेट जनरलची संमती घेऊन विश्वस्तांवर दावा लावावा, अशी त्याची तरतूद होती. १९०८ च्या संहितेत हेच ९२ वे कलम झाले. पण दावा लावायचा म्हणजे वकील, स्टँप आणि वर्षानुवर्षांच्या तारखा. ज्याने देवापुढे चार आणे ठेवले तो चार आण्यांसाठी कोर्टाची पायरी का चढेल? १९२० च्या धर्मादाय व धार्मिक न्यास कायद्याने थोडी सोय केली. हितसंबंध असलेल्या कुणालाही कोर्टात अर्ज करून न्यासाची माहिती आणि मागच्या तीन वर्षांपर्यंतच्या हिशोबांची तपासणी मागता येऊ लागली. सोय होती, तरी तिचा वापर करायला चिकाटीच्या माणसांचीच गरज पडे.

त्याच काळात काही संस्थाचालकांनी कुणी विचारण्याआधीच वही उघडून ठेवण्याची रीत पाडली. त्यांत धोंडो केशव कर्व्यांचे नाव अग्रभागी आहे. कर्वे मुरुडचे, गरिबीत वाढलेले. कमावू लागल्यापासून रुपयामागे एक पैसा सार्वजनिक कामासाठी बाजूला काढायचा, असा त्यांनी नेम केला. रुपयाचे ६४ पैसे होते तेव्हाची ही गोष्ट, म्हणजे साधारण दीड टक्का. १८९६ साली अनाथ बालिकाश्रमाची सुरुवात केली तेव्हा त्यांनी स्वतःच्या शिलकेतले १,००० रुपये घातले आणि मग लोकांपुढे हात पसरला. पुढे हिंगण्याला झोपडीत आश्रम गेला, कॉलेजातले शिकवणे आटोपून ते रोज तिकडे पायी जात, सामान घेऊन जात, हे सगळ्यांना ठाऊक आहे. फारसे न बोलले गेलेले काम म्हणजे आश्रमाचे छापील वार्षिक अहवाल. विधवांच्या शिक्षणाला विरोध करणाऱ्या समाजात या कामासाठी पैसे मागायचे म्हणजे आधी विश्वास कमवायला हवा होता. लोक कर्व्यांच्या विचारांशी भांडत, त्यांना वाळीत टाकत, पण त्यांच्या जमाखर्चावर बोट ठेवणे कुणाला जमले नाही. वयाच्या सत्तरीनंतर, १९२९ मध्ये, ते आपल्या महिला विद्यापीठाच्या निधीसाठी परदेशी निघाले आणि पुढची काही वर्षे जगभर फिरले, ते याच पुण्याईवर.

याच विद्यापीठाला मिळालेली देणगी देणगीदाराच्या बाजूनेही अभ्यासण्याजोगी आहे. १९२० साली सर विठ्ठलदास ठाकरसी यांनी १५ लाख रुपये देऊ केले. एवढी रक्कम म्हणजे त्या काळी अपूर्वच. पण त्यांनी थैली नुसती रिकामी केली नाही. विद्यापीठाला आईचे, श्रीमती नाथीबाई दामोदर ठाकरसी यांचे, नाव द्यावे ही अट सर्वांना माहीत आहे. तिच्याइतकीच महत्त्वाची होती ती पैसा देण्याची पद्धत. साडेतीन टक्क्यांच्या सरकारी रोख्यांवरचे व्याज, वर्षाला ५२,५०० रुपये, संस्थेला मिळत राहील अशी ती योजना होती. दरवर्षी येणारा पैसा देणाऱ्याला आणि घेणाऱ्याला दरवर्षी समोरासमोर आणतो. नाव कोरलेल्या फरशीपेक्षा या व्यवस्थेत देणगीदाराची जबाबदारी अधिक दिसते.

गांधीजींना हे वेगळ्या वाटेने उमगले होते. १८९४ मध्ये दक्षिण आफ्रिकेत नाताळ इंडियन काँग्रेस स्थापन झाली तेव्हा प्रत्येक वर्गणीची पावती, प्रत्येक खर्चाची नोंद असा त्यांचा कटाक्ष होता. आत्मकथेत त्यांनी या हिशोबांबद्दल अभिमानाने लिहिले आहे. त्याहून धाडसाचे मत पुढे आहे: सार्वजनिक संस्थेने कायमचा फंड करू नये. लोकांच्या वार्षिक वर्गणीवर जगणाऱ्या संस्थेला दरवर्षी लोकांची पसंती मिळवावी लागते, आणि ज्या संस्थेला ती मिळत नाही तिने चालत राहण्याचे कारण नाही, असा त्यांचा रोख. हे त्यांनी अनुभवातून लिहिले. नाताळ काँग्रेसने मालमत्ता केली, ती भाड्याने दिली, आणि ते भारतात परतल्यावर विश्वस्तांत भांडणे लागून भाड्याचा पैसा कोर्टात पडून राहिला. १९२१ साली टिळक स्वराज्य फंडाचे काम निघाले तेव्हा ३० जूनपर्यंत एक कोटी रुपये जमवायचे ठरले. एकट्या मुंबईने सुमारे साडेसदतीस लाख दिले. असहकाराच्या धामधुमीतही या पैशाच्या हिशोबाबद्दल प्रश्न आले, आणि गांधीजींनी ते प्रश्न रास्त मानून उत्तरे दिली. देशासाठी दिलेल्या पैशाचाही हिशोब मागता येतो, हे तेव्हा देशाने पाहिले.

पंढरपुरात मात्र हिशोब मागायला जागाच नव्हती. विठ्ठलाच्या पायावर वारकरी नाणे ठेवत, दाणे ठेवत, लुगडे-खण वाहत. विठ्ठलमंदिराचा ताबा बडव्यांकडे, रुक्मिणीमंदिराचा उत्पातांकडे, आणि पुजारी, बेणारी, परिचारक, हरिदास, डिंगरे, दिवटे, डांगे असे सात सेवाधारी वंशपरंपरेने आपापली सेवा करत. देवापुढे येणारे उत्पन्न घेण्याचा हक्क बडव्यांच्या घराण्यांत लिलावाने दिला जाई. जो सर्वांत जास्त बोली लावील तो त्या दिवसाचा धनी, आणि त्या दिवशी जे येईल ते त्याचे. बोलीची रक्कम वसूल करायची म्हणून भाविकाला देवाच्या पायाशी दमदाटी सहन करावी लागे. खेड्यातून चालत आलेल्या बाईने विठ्ठलाला वाहिलेला पैसा विठ्ठलाच्या कोणत्याही कामाला जातो की नाही, हे विचारण्याची तिला सोयच नव्हती, कारण मंदिराची अशी सामायिक तिजोरीच तिथे नव्हती.

१९४७ मध्ये सानेगुरुजींच्या उपोषणाने मंदिराचे दार हरिजनांना उघडले. पेटीचे कुलूप निघायला आणखी कितीतरी काळ जावा लागला. वारकऱ्यांच्या तक्रारींवरून सरकारने नाडकर्णी आयोग नेमला, त्याच्या अहवालावरून १९७३ साली पंढरपूर मंदिरे अधिनियम झाला, बडव्यांनी आव्हान दिले, १९८५ मध्ये सरकारी समितीने कारभार घेतला, आणि हक्कांचा वाद सर्वोच्च न्यायालयात संपला तो जानेवारी २०१४ मध्ये. कायदा ते अंतिम निकाल यांत ४१ वर्षे गेली. या काळात वारीला गेलेल्या लाखो माणसांनी भक्तीने पैसे वाहिले, त्यांतल्या थोड्यांनी तक्रार केली, आणि त्या थोड्यांमुळे हे घडले. त्यांची नावे कुठल्याच शिळेवर नाहीत.

सर्व धर्मांच्या न्यासांना एकाच नोंदवहीत आणणारा कायदा मुंबई राज्याने १९५० साली केला. मुंबई सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम असे त्याचे नाव. आता मुंबईच्या जागी महाराष्ट्र म्हणतात. धर्मादाय आयुक्त हे पद याच कायद्याने आले. आपल्याकडे ट्रस्टच्या लेटरहेडवर ‘एफ’ किंवा ‘ई’ अक्षर आणि पुढे क्रमांक दिसतो, तो याच नोंदवहीतला. या कायद्याला लगेच आव्हान मिळाले. एका जैन मंदिराच्या व्यवस्थापकाने केलेला रतिलाल पानाचंद गांधी खटला १९५४ साली सर्वोच्च न्यायालयात निकाली निघाला. धर्मासाठी दिलेला पैसा सरकारने आपल्या मर्जीने दुसऱ्याच कामाकडे वळवू नये, असे न्यायालयाने बजावले आणि तशी तरतूद रद्द केली. पण नोंदणी, हिशोब, तपासणी यांना हात लावला नाही. देणगीदाराचा हेतू जपायचा आणि विश्वस्ताची वही मात्र उघडी ठेवायची, अशी ही नेमकी वाटणी होती. या विषयावर याहून शहाणा निर्णय सापडणे कठीण.

या कायद्याखालचे कागद सामान्य माणसाने एकदा तरी हातात घेऊन पाहावेत, कारण ते समजायला सीए असावे लागत नाही. शेड्यूल आठ म्हणजे ताळेबंद, शेड्यूल नऊ म्हणजे उत्पन्न-खर्चाचे पत्रक. या पत्रकात खर्चाच्या बाजूला आधी मालमत्तेवरचा खर्च येतो: पट्टी, दुरुस्ती, पगार, विमा, घसारा. मग आस्थापना खर्च, विश्वस्तांचे मानधन, कोर्टखर्च, तपासणी फी, बुडीत खात्यात टाकलेल्या रकमा. आणि शेवटी एक मथळा असतो, ट्रस्टच्या उद्दिष्टांवरील खर्च, आणि त्याखाली पाच ओळी: धार्मिक, शैक्षणिक, वैद्यकीय मदत, गरिबी निवारण, इतर धर्मादाय कामे. संस्था अनाथांसाठी असल्याचे सांगते आणि या पाच ओळींत आकडा किरकोळ दिसतो, तर तिथे थांबून विचारायला हवे. सोबत लेखापरीक्षकाचा अहवाल असतो. शिल्लक रोकड आणि व्हाउचर जुळले का, ठराविक रकमेवरच्या दुरुस्तीला निविदा मागवल्या का, विश्वस्तांना कर्ज दिले का, न्यासाचा पैसा उद्दिष्टाबाहेर वापरला का, अशा प्रश्नांना त्याला एकेक करून उत्तर द्यावे लागते. बहुतेक देणगीदारांनी हा कागद पाहिलेलाच नसतो.

इथे देणगीदारांच्याही एका सवयीबद्दल स्पष्ट बोलायला हवे. ‘माझा रुपयान् रुपया गरिबापर्यंत गेला पाहिजे, ऑफिसवर खर्च नको’ असे म्हणणारे पुष्कळ भेटतात. हेतू चांगला, पण हिशोब लिहिणाऱ्या कारकुनाला पगार द्यायचा नाही आणि हिशोब मात्र चोख हवा, हे जुळत नाही. असा आग्रह धरणारे संस्थेला आस्थापना खर्च दुसऱ्याच नावाखाली दडवायला भाग पाडतात. आकडा कमी की जास्त, यापेक्षा तो खरा आहे का आणि दर वर्षी कसा बदलतो, हे पाहणे अधिक उपयोगाचे.

दाता हयात नसेल तर प्रश्न आणखी बिकट होतो. अहिल्याबाई होळकरांनी खासगीच्या पैशातून देशभर घाट, मंदिरे, धर्मशाळा बांधल्या. १७९५ साली त्या गेल्या. त्यांच्या दानाच्या २४६ मालमत्ता सांभाळण्यासाठी १९६२ मध्ये खासगी ट्रस्ट झाला. हरिद्वारच्या कुशावर्त घाटासारख्या मालमत्तांच्या हस्तांतरणावरून वाद उच्च न्यायालयात आणि तिथून सर्वोच्च न्यायालयात गेला. जुलै २०२२ मध्ये न्यायालयाने सांगितले की या ट्रस्टलाही मध्य प्रदेशचा सार्वजनिक न्यास कायदा लागू आहे, त्याने नोंदणी करावी आणि हस्तांतरणांची चौकशी निबंधकाने करावी. दात्याच्या पश्चात सव्वादोनशे वर्षांनी हा निकाल आला.

धर्मादाय रुग्णालयांची गोष्ट याच धाग्यातली. देणग्या, स्वस्त जमिनी आणि करसवलती यांच्या आधारावर उभ्या राहिलेल्या रुग्णालयांनी गरिबांसाठी काही करावे, म्हणून कायद्यात ४१ अअ हे कलम घातले गेले. २००६ साली मुंबई उच्च न्यायालयाने त्यासाठी योजना मंजूर केली: १० टक्के खाटा निर्धनांना मोफत, १० टक्के दुर्बल घटकांना सवलतीत, आणि एकूण बिलाच्या दोन टक्के रक्कम निर्धन रुग्ण निधीत. योजना चांगली आहे, पण अनामत भरा म्हणून अडवलेल्या रुग्णाच्या नातेवाइकांना ती बहुधा ठाऊक नसते. त्याच रुग्णालयाच्या भिंतीवर ज्यांच्या नावाची फरशी आहे त्या देणगीदार घराण्यांनी वर्षातून एकदा तरी त्या निधीचा आकडा मागितला, तर खूप काही बदलेल.

हिशोब पाहण्याची साधने आज १८७० पेक्षा कितीतरी जास्त आहेत. नोंदणीची नक्कल धर्मादाय कार्यालयात अर्ज करून मिळते. देणगीदाराला करसवलत मिळावी म्हणून मान्यता घेतलेल्या संस्थांना २०२१-२२ पासून देणगीदारनिहाय माहिती आयकर खात्याला द्यावी लागते. गणेशोत्सवासाठी वर्गणी गोळा करणाऱ्या, नोंदणी नसलेल्या मंडळालाही कलम ४१ क प्रमाणे धर्मादाय कार्यालयाची परवानगी घ्यावी लागते. पुण्या-मुंबईतली कित्येक जुनी मंडळे उत्सवानंतर छापील अहवालात जमाखर्च देतात, आणि गल्लीतली माणसे तो बारकाईने वाचतात, नावापुढची रक्कम चुकली तर कार्यकर्त्याला गाठतात. दोनशे रुपये दिलेला शेजारी हा हक्क बजावतो. लाख रुपये देणारा पावती फाइलला लावून मोकळा होतो.

तेव्हा यंदा कुणी पावतीपुस्तक घेऊन दारी आले, किंवा मोबाइलवर आजारी मुलाचा फोटो आणि क्यूआर कोड आला, तर देण्याआधी तीन गोष्टी मागा: नोंदणी क्रमांक, मागच्या वर्षीचे शेड्यूल नऊ, आणि लेखापरीक्षकाचा अहवाल. चांगली संस्था हे कागद आनंदाने पाठवते. मिळाले तर वाचा, पटले तर नेहमीपेक्षा थोडे जास्त द्या, आणि पुढच्या वर्षी पुन्हा मागा.